दोन गोळ्या तर घ्यायच्यात...

‘दोन गोळ्या तर घ्यायच्यात, त्यात एवढं काय?’ हिपॅटायटिस सीचं औषध सुरू केलेल्या बाईला पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागतं ते हे वाक्य. घरातले म्हणतात, शेजारी म्हणतात (त्यांना सांगितलं असेल तर!), औषधाच्या खिडकीवरचा माणूसही म्हणतो. वाक्य खोटं नाही. औषध खरंच सोपं झालंय. पण औषध सोपं झालं म्हणून दिवस सोपे जातात असं नाही, आणि हे कळतं ते पहिल्या तीन-चार आठवड्यांतच.

मी हे औषध २०१९ मध्ये घेतलं. बारा आठवडे. लपवण्यासारखं त्यात काही नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. १९९४ साली धाकट्याच्या बाळंतपणात मला दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. त्या काळी दान केलेल्या रक्ताची ‘सी’साठी तपासणी सक्तीची नव्हती, आपल्याकडे ती सक्ती आली २००१-०२च्या सुमाराला. अहो, हा विषाणू ओळखूच आला मुळी १९८९ मध्ये! तर पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं आणि रिपोर्टमध्ये हा पंचवीस वर्षांचा बिनबोलावलेला पाहुणा निघाला. बहुतेक त्या रक्तातूनच आला असावा, असं डॉक्टर म्हणाले. कावीळ नाही, ताप नाही, पोटात दुखणं नाही. नुसता थकवा. आणि थकवा कुठल्या बाईला नसतो?

‘लिव्हरचा आजार’ म्हटल्यावर पहिला प्रश्न काय आला असेल? ‘दारू घेता का?’ मी नऊवारीतल्या सासूबाईंच्या शेजारी बसले होते. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता! असो.

माझ्या दोन गोळ्यांची नावं सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर. सरकारी दवाखान्यात फुकट मिळाल्या. २८ जुलै २०१८ ला केंद्र सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून ही सोय आहे. हीच सोफोसबुविर २०१३च्या अखेरीस अमेरिकेत बाजारात आली तेव्हा तिथे एका गोळीला हजार डॉलर पडत होते, बारा आठवड्यांचे चौऱ्याऐंशी हजार डॉलर! नंतर भारतातल्या कंपन्यांना ती बनवायचा परवाना मिळाला, २०१५ पासून इथे स्वस्तात मिळू लागली आणि मग सरकारी खिडकीवर आली. शंभरातले पंच्याण्णवहून जास्त लोक या गोळ्यांनी पूर्ण बरे होतात. एवढं चांगलं औषध हातात असताना बाया ते मध्येच का सोडतात, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

याचं निम्मं उत्तर आमच्या वन्संच्या गोष्टीत आहे.

वन्संना २००८ मध्ये हाच आजार निघाला. कुठून झाला ते कळलं नाही, पुष्कळांना कळत नाही. तेव्हा गोळ्या नव्हत्या, इंटरफेरॉन नावाचं इंजेक्शन होतं. आठवड्यातून एकदा पोटावर टोचून घ्यायचं, जोडीला रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या, असं सहा महिने. काहींना तर वर्षभर. खर्च लाखांत. वन्सं शनिवारी संध्याकाळी इंजेक्शन घ्यायच्या आणि रात्री हुडहुडी भरून ताप यायचा, रविवार सगळा अंगदुखीत. सोमवारी उठून पुन्हा डबे. केस मूठमूठ गळायचे. रक्त इतकं कमी झालं की जिना चढताना मधल्या पायरीवर बसायच्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मन. बोलक्या बाई त्या, पण भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. चिडायच्या, रडायच्या. घरात सगळे म्हणाले, ‘आजारपणाचं नाटक वाढलंय.’ त्या औषधाने माणूस खोल उदासीत जाऊ शकतो, हे वैद्यकातल्या लोकांना चांगलं माहीत होतं. आमच्या घराला ते कुणी सांगितलं नाही. चौथ्या महिन्यात वन्संनी इंजेक्शन बंद केलं. कुणाला न सांगता. दोन आठवडे तर सगळ्यांना वाटत होतं, चाललंय.

त्या अर्धवट राहिलेल्या औषधानंतर आठ वर्षं विषाणू आपलं काम करत राहिला. २०१६ मध्ये नव्या गोळ्यांनी त्या बऱ्या झाल्या, पण तोवर यकृत घट्ट होऊन गेलं होतं. सिऱ्हॉसिस म्हणतात तो. विषाणू गेला तरी तो धोका पुरता जात नाही. आजही दर सहा महिन्यांनी त्यांना सोनोग्राफीला जावं लागतं, कर्करोगाची गाठ तर धरत नाही ना हे बघायला.

म्हणून साईड इफेक्टला ‘किरकोळ’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. औषध बाटलीतच राहिलं तर ते कितीही गुणाचं असून काय उपयोग?

आता माझे पहिले आठवडे. खरं सांगते, वन्संच्या मानाने काहीच नाही. तिसऱ्या दिवशी डोकं धरलं, दुपारी चारच्या सुमाराला, कपाळापासून मागे. मळमळ अशी की फोडणीतल्या हिंगाचा वास नको वाटायचा. आणि फोडणी टाळता येते का कुणाला? रात्री झोप तुटायची, पहाटे तीनला टक्क जाग. चिडचिड. दुसऱ्या आठवड्यात थकवा इतका, की कणीक तिंबता तिंबता हात थांबायचे. पाचव्या आठवड्यापासून हे सगळं ओसरत गेलं. कधी गेलं ते कळलंही नाही, एक दिवस लक्षात आलं की आज डोकं दुखलं नाही.

इथे मला एक गोष्ट सांगायचीच आहे. २०१५ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सोफोसबुविर आणि वेल्पाटासविर यांची जोडगोळी काही रुग्णांना दिली, आणि काहींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कोणाला कुठली, ते रुग्णांना माहीत नव्हतं. खरी गोळी घेणाऱ्या शंभरांतल्या साधारण एकोणतीस जणांचं डोकं दुखलं. आणि खोटी गोळी घेणाऱ्यांतल्या? अठ्ठावीस जणांचं! थकव्याचंही तसंच, दोन्हीकडे शंभरात वीसेक.

हे वाचून कुणी लगेच म्हणेल, ‘बघा, सगळे मनाचे खेळ!’ मला मात्र यातून वेगळंच दिसतं. औषध नसलेली गोळी घेणारेही थकलेलेच होते, कारण आजार त्यांच्याही अंगात होता, घरची कामं आणि काळजी त्यांनाही होती. तो थकवा गोळीच्या आधीपासूनचा होता. गोळी सुरू झाली, कुणीतरी वही घेऊन विचारलं, ‘काय होतंय?’ तेव्हा तो पहिल्यांदा कागदावर आला इतकंच. आपल्याकडच्या किती बायांना असं कुणी विचारतं? पंचवीस वर्षं मी दमत होते, तेव्हा घरात सगळे म्हणत, ‘वय झालं’. वय काय, तिशीतही तेच म्हणत होते!

तेव्हा पहिल्या महिन्यात जे होईल ते लिहून ठेवावं, असं माझं मत आहे. मोठी डायरी नको, दुधाचा हिशेब लिहितो त्या कॅलेंडरवर चालतं. कुठल्या दिवशी डोकं दुखलं, कधी उलटीची भावना झाली, रात्री किती झोपलो. मी ते कॅलेंडरचं पान काढून दवाखान्यात नेलं. डॉक्टर आधी हसले, मग नीट वाचलं, आणि म्हणाले, ‘गोळ्या सकाळी रिकाम्या पोटी का घेता? दुपारच्या जेवणावर घेऊन बघा.’ या गोळ्या जेवणाआधी-नंतर कशाही चालतात, वेळ मात्र रोज एकच लागते. मी दुपारचा दीड धरला. मळमळ निम्म्यावर आली. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर दहा दिवस वाचले असते.

खाण्याचं म्हणाल तर मोठं पथ्य काही लागलं नाही. तोंडाला चव नव्हती तेव्हा ताकातल्या ज्वारीच्या कण्या, हुलग्याचं माडगं, कोरड्या लाह्या. सकाळी उठल्या उठल्या आल्याचा तुकडा आणि कणभर मीठ. एकदम ताटभर जेवण्यापेक्षा दिवसात चार-पाच वेळा थोडं थोडं. पाणी भरपूर; डोकं दुखायचं त्याचं अर्धं कारण मला वाटतं तेच होतं, दुपारपर्यंत दोन कप चहाखेरीज पोटात काही जायचं नाही. श्रावण मध्येच आला. मी सोमवार धरले नाहीत. सासूबाईंनी माझ्या वाटचा एक धरला, मला न सांगता. (हे त्यांच्याबद्दल लिहायलाच हवं, कारण पुढे मी घराविषयी थोडं कडू लिहिणार आहे.)

डोकं दुखलं की आपला हात आधी कशाकडे जातो? डब्यातल्या दुखऱ्या गोळीकडे. इथे जपा. पॅरासिटॅमॉल चालते, पण ती किती, हे विचारून. यकृत अशक्त असेल तर मर्यादा कमी असते. अंगदुखीच्या बाकीच्या जोरकस गोळ्या विचारल्याशिवाय नकोतच. आणि ॲसिडिटीचं औषध! आपण ते बडीशेपेसारखं घेतो. पण वेल्पाटासविर असलेली गोळी चालू असेल तर ॲसिडिटीच्या औषधाने ती अंगात नीट शोषली जात नाही. तेव्हा मळमळ थांबवायला म्हणून घेतलेल्या औषधाने मूळ औषधच वाया जायचं. फिटच्या काही गोळ्या, टीबीचं रिफॅम्पिसिन, हृदयाचे ठोके नीट करणारं ॲमिओडॅरोन यांचंही या गोळ्यांशी वाकडं आहे. घरात जी जी औषधं चालू आहेत ती सगळी पिशवीत भरून डॉक्टरपुढे ओता. नावं आठवत बसू नका.

मधुमेहाचं एक वेगळंच. विषाणू हटायला लागला की काहींची साखर आपोआप उतरते. मग नेहमीचीच मधुमेहाची गोळी जास्त होते. आमच्या गल्लीतल्या एका मावशींना तिसऱ्या आठवड्यात घाम फुटून हातपाय थरथरायला लागले. सगळ्यांनी खापर नव्या गोळ्यांवर फोडलं आणि त्या बंद करायला निघाले. साखर तपासली तर उतरलेली. मधुमेहाचा डोस कमी केला, बाकी सगळं सुरळीत चाललं. मधुमेह असेल तर पहिले काही आठवडे साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा बघा.

ज्यांचं यकृत जास्त बिघडलंय त्यांना आजही या गोळ्यांबरोबर रिबाव्हिरिन देतात, वन्संच्या वेळचंच. त्याने पहिल्या काही आठवड्यांतच रक्तातलं हिमोग्लोबिन उतरू शकतं. धाप लागली, छाती धडधडली तर ‘अशक्तपणा आहे, गूळ-शेंगदाणे खा’ असं म्हणून घरी बसू नये, रक्त तपासून घ्यावं. ही रक्तपेशी फुटण्याची भानगड असते, लोहाच्या गोळ्यांनी भरून येणारी नाही. आणि तरुण मुलींनी, सुनांनी हे पक्कं ध्यानात ठेवायचं, की रिबाव्हिरिनने पोटातल्या गर्भाला इजा होते. औषध चालू असताना आणि संपल्यावर सहा महिने दिवस जाता कामा नयेत. नवरा ते औषध घेत असेल तरीही हाच नियम! ही गोष्ट सासूसमोर कशी बोलायची म्हणून न बोलणाऱ्या मुली मला माहीत आहेत. नर्सबाईंना बाजूला घेऊन विचारा, पण विचारा.

डोळे पिवळे झाले, शौच डांबरासारखं काळं झालं, उलटीत रक्त दिसलं, पोट फुगायला लागलं, माणूस असंबद्ध बोलायला लागलं किंवा चक्कर येऊन पडलं, तर त्या दिवशी कॅलेंडरवर लिहीत बसायचं नाही. तडक दवाखाना.

आता घराबद्दल. माझ्या मते पहिल्या महिन्यातला सगळ्यात मोठा साईड इफेक्ट गोळीचा नसतोच, लपवाछपवीचा असतो. मुलीचं लग्न ठरायचंय, लोक काय म्हणतील, म्हणून बाटली तांदळाच्या डब्यात. गोळी घ्यायची तर आधी स्वयंपाकघरात कुणी नाही ना ते बघायचं. अशात वेळ चुकते, एखादा दिवसही चुकतो. (चुकली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्यावी, दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये.) मळमळतंय म्हणून पडावं तर कारण काय सांगणार? मग पडायचंच नाही. वर आमच्याकडे कुणी पाहुण्या बाई येऊन सांगून गेल्या की हिचं ताट-वाटी वेगळी ठेवा. कशाला? हा आजार रक्तातून रक्तात जातो. ताटातून, पाण्यातून, एकत्र जेवल्याने, लेकराला मांडीवर घेतल्याने, नातवाचा मुका घेतल्याने जात नाही. वेगळं ठेवायचं ते दाढीचं ब्लेड, दात घासायचा ब्रश, नखं काढायचं यंत्र, साखर तपासायची सुई. नाक-कान टोचणाऱ्याची आणि जत्रेत गोंदणाऱ्याची सुई मात्र जरूर विचारा, कुणाकुणाला टोचून आलीय ती.

माझ्या धाकट्या जाऊबाईंना मी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. ती म्हणाली, ‘ताई, संध्याकाळच्या भाकरी माझ्याकडे. बारा आठवडे.’ वरकरणी साधी गोष्ट. पण दुपारी चार ते सहा हे माझे सगळ्यात वाईट तास होते आणि त्या तासांत मला चुलीपुढे उभं राहावं लागलं नाही, म्हणून मी हे औषध निभावलं असं मी आजही म्हणते. घरातल्या पुरुषांना काय सांगितलं? सरळ सांगितलं, की बारा आठवडे पाणी तुम्ही भरायचं. कुरकुर झाली. भरलं.

डॉक्टरांविषयीही बोलते. औषध देताना रांग मोठी असते हे मला मान्य आहे. पण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक फोन, दवाखान्यातून किंवा गावातल्या आशाताईंकडून, एवढाच, की ‘गोळ्या चालू आहेत ना, काय त्रास होतोय?’ याने किती औषधं मधेच सुटायची वाचतील! माझ्या खिडकीवर मी विचारलं होतं, ‘मळमळलं तर काय करू?’ उत्तर आलं, ‘याने काही होत नाही.’ होतं हो. थोडं होतं, आणि जातं. हे दोन्ही सांगायला जेमतेम अर्धं मिनिट लागतं. ‘काही होत नाही’ ऐकून घरी गेलेल्या बाईला काही झालं की ती घाबरते, तिला वाटतं आपलंच काहीतरी वेगळं बिघडलंय, आणि बाटली तांदळात आणखी खोल जाते.

त्यातच कुणीतरी येतं काविळीचं झाडपाल्याचं औषध घेऊन. कुणी माळ बांधतं. माणसं मायेनेच करतात, त्यांना दुखवू नये. पण या आजारात बहुतेकांना कावीळ दिसतच नाही, आणि तो पाला पोटात घालून गोळ्यांबरोबर काय होईल ते कुणी तपासलेलं नाही. उलट अशा काही औषधांनी यकृतालाच मार बसतो. मी माळ घातली, काढा मात्र कुंडीत ओतला. तुळशीला काही झालं नाही म्हणा!

शेवटची गोळी संपली की पेढे वाटायची घाई होते. थोडं थांबावं लागतं. शेवटच्या गोळीनंतर बारा आठवड्यांनी रक्तातला विषाणू मोजतात, त्यात तो नसला म्हणजे बऱ्या झालात. आपल्या बाया इथेच गळतात. बरं वाटतंय, पुन्हा कशाला एसटीने जिल्ह्याला जायचं! पण त्या कागदाशिवाय काहीच पक्कं नसतं. आणि त्या कागदाचा पुढेही उपयोग आहे, कारण विषाणू गेला तरी रक्तातली त्याची खूण, अँटिबॉडी म्हणतात ती, जन्मभर राहते. गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी माझी साधी तपासणी केली तर पुन्हा ‘सी पॉझिटिव्ह’! तिथली पोरगी घाबरून दोन पावलं मागे सरकली. मी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये घातलेला रिपोर्ट काढला आणि तिच्यापुढे धरला. तिने तारीख वाचली, आकडा वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘काकू, याची झेरॉक्स देता का?’